काशीदचे पाणी

काशीदला जायचे ठरले तेव्हा पहिला गोंधळ घरातच झाला. आमच्या आईला अलीकडे कमी ऐकू येते. ‘काशीदला जाऊन येते’ असे मी सांगितले. त्यातली ‘काशी’ तेवढी तिच्या कानात शिरली. “अगं, दोन दिवसांत कसली काशी होते?” असे म्हणत तिने देवघरातला तांब्याचा गडू आणून माझ्या हातात ठेवला. “जातेच आहेस, तर गंगा तरी आण.” मुलगी खो खो हसली. हे वर्तमानपत्राआड हसले. मी मात्र तो गडू मुकाट्याने पिशवीत घातला. कारण काशीदला मी कशासाठी चालले आहे हे आईला मोठ्याने सांगण्याचे धैर्य माझ्यापाशी नव्हते.

काशीदला मला माझा धाकटा भाऊ भेटणार होता. सहा वर्षांपूर्वी, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, काशीदच्याच समुद्रात त्याने बाप्तिस्मा घेतला. त्या दिवशी मी यावे म्हणून त्याने मला आठवणीने पत्र पाठवले होते. ‘उत्तरपत्रिका तपासायच्या आहेत’ असे मी उलट कळवले. उत्तरपत्रिका होत्या हे खरे. पण त्या आदल्या रात्रीच तपासून झाल्या होत्या.

त्यानंतर सहा भाऊबिजा आल्या आणि गेल्या. आई माझ्याकडे असते. भाऊ अलिबागला एका बँकेत नोकरी करतो. लग्न केलेले नाही. तो आला नाही, आम्ही बोलावले नाही. भांडण असे काही झालेच नाही. भांडण झाले असते तर मिटवता तरी आले असते.

मुंबईहून काशीदला जायला हल्ली पुष्कळ सोय झाली आहे. गेटवेवरून लाँचेस आहेतच. शिवाय २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून मोटारींसकट माणसे नेणारी मोठी बोट मांडव्याला जाते. ज्या भाऊ अजिंक्यांच्या नावाने तो धक्का ओळखला जातो त्यांची क्षमा मागून सांगते, की त्या सकाळी ‘भाऊचा धक्का’ ही पाटी वाचताना मला त्यांची नव्हे, माझ्याच भावाची आठवण झाली.

मांडव्याहून अलिबाग आणि अलिबागहून दक्षिणेला तीस-पस्तीस किलोमीटरवर काशीद. हा रस्ता कुणी घाईने कापू नये. चौलला नारळी-पोफळीच्या वाड्या लागतात, रामेश्वराचे देऊळ आणि त्याची पुष्करिणी लागते. पुढे रेवदंडा. तिथे रस्ताच पोर्तुगीजांच्या तटातून आत शिरतो. झाडांच्या वर डोके काढून उभा असलेला तो सातखणी मनोरा आता सात खणांचा उरलेला नाही. पण नाव तेच राहिले आहे. आपल्याकडे खण पडतात, नावे पडत नाहीत. त्याच रेवदंड्यात बेने इस्रायलींचे सिनेगॉग आहे. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ‘शनिवार तेली’ या नावाने ही माणसे कोकणात कित्येक शतके सुखाने नांदली.

आणि तिथेच एका रशियन व्यापाऱ्याचे स्मारक आहे. अफानासी निकितिन त्याचे नाव. १४७० च्या आसपास तो एक घोडा घेऊन चौल बंदरात उतरला. जुन्नरला तिथल्या खानाने त्याचा घोडा काढून घेतला आणि ‘धर्म बदल, घोडा परत देतो’ असे बजावले. निकितिन बधला नाही. एका भल्या मुसलमान गृहस्थाने रदबदली केली आणि घोडाही सुटला, धर्मही सुटला. ही गोष्ट मी गाडीत मुलीला सांगितली, तेव्हा ती म्हणाली, “म्हणजे त्याने घोड्यासाठी बदलला नाही. मग मामाने कशासाठी बदलला?”

हे पुढच्या सीटवरून म्हणाले, “ते बघ, साळावचा पूल आला.”

पूर्वी कुंडलिकेच्या खाडीतून तरीने पलीकडे जावे लागे. आता पूल आहे. पूल ओलांडला की उजव्या हाताला समुद्रात घुसलेला डोंगर दिसतो, तो कोर्लईचा किल्ला. १७४० साली मराठ्यांनी तो पोर्तुगीजांकडून घेतला. गोरे अधिकारी गेले. किल्ल्याच्या आश्रयाने राहिलेली ख्रिस्ती माणसे मात्र पायथ्याच्या गावातच राहिली. त्यांचे चर्च आहे आणि त्यांची एक स्वतःची बोली आहे, पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिलाफातून झालेली. तिला ती माणसे ‘नो लिंग’, म्हणजे ‘आमची भाषा’, म्हणतात. जगात ती बोलणारी जेमतेम हजारभर माणसे असतील. चर्चपाशी आम्ही थोडा वेळ थांबलो. ओट्यावर एक आजी मासळी साफ करीत होत्या. आमच्याशी शुद्ध कोकणी थाटाच्या मराठीत बोलल्या, आणि नातवाला हाक मारली ती त्यांच्या बोलीत. मी विचारले, “बाळाचा बाप्तिस्मा केव्हा करता?” आजींना प्रश्नच विचित्र वाटला. “अगो, तान्हं असतानाच. तुमचं बारसं नाय का?”

तेच खरे. कॅथलिक घरात स्नानसंस्कार होतो तो मूल तान्हे असताना. नाव मिळते, गोतात जागा मिळते. त्यात त्या बाळाला कुणी विचारीत नाही, जसे बारशात आपल्याला कुणी विचारले नाही. धर्म हा असा बहुतेकांना आडनावासारखा येतो. जाणत्या वयात स्वतःहून उठून जो ते पाणी अंगावर घेतो त्याची गोष्ट निराळी असते. त्याला कमवायचे असते ते डोळ्यांना दिसत नाही. गमवायचे असते ते मात्र सगळे समोर बसलेले असते.

आपल्या मराठी मुलखात अशी माणसे थोडी झाली, पण जी झाली त्यांनी आपल्या वाङ्मयावर ठसा उमटवला. बाबा पदमनजींनी ३ सप्टेंबर १८५४ रोजी बेळगावला बाप्तिस्मा घेतला तेव्हा ते तेवीस वर्षांचे होते. तीन वर्षांनी त्यांनी ‘यमुनापर्यटन’ लिहिले, आणि मराठी कादंबरीचा इतिहास आपण तिथूनच सांगू लागतो. पंडिता रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडात वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. पण आपली सदसद्विवेकबुद्धी त्यांनी कुणाच्या स्वाधीन केली नाही, आणि दीक्षा देणाऱ्यांशीच त्या धर्मतत्त्वांवर वाद घालीत राहिल्या. नारायण वामन टिळकांना १८९३ साली राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन प्रवाशाने नवा करार दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. शब्द दिला म्हणून टिळक वाचायला बसले आणि डोंगरावरील प्रवचनापाशी अडकले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

ही सगळी माहिती मी गेली वीस वर्षे वर्गात सांगते आहे. ‘स्मृतिचित्रे’ शिकवताना तर माझा आवाज आपोआप चढतो. नवऱ्याने धर्म बदलल्यावर लक्ष्मीबाईंच्या आयुष्याची झालेली ओढाताण, पाच वर्षांची ताटातूट, नगरला आल्यावरही त्यांनी सांभाळलेले सोवळे, आणि हळूहळू, स्वतःच्याच विचाराने, आधी विटाळाची कल्पना आणि मग १९०० साली जुना धर्म सोडणे, हे सारे सांगताना मुले कधी हसतात, कधी डोळे पुसतात. तास संपतो. मी खडूचे हात झटकून घरी येते. आपण शिकवतो ते कुणी खरे मानील, ही अपेक्षा आम्हा मास्तरांना कुठे असते?

माझ्या भावाने मानले. माझ्याच कपाटातली ‘स्मृतिचित्रे’ त्याने वाचायला नेली. तिथून तो टिळकांच्या अभंगांकडे गेला आणि तिथून नव्या कराराकडे. आईचे म्हणणे असे, की घरातली ही आग माझ्या पुस्तकांनी लावली. त्यावर मला आजवर उत्तर सुचलेले नाही.

बोर्ली मागे पडते, रस्ता एक टेकडी चढतो, आणि एकाएकी खाली काशीद दिसते. दोन्ही बाजूंना डोंगरांनी धरलेली लांबलचक पांढरी वाळू, मागे सुरूची झाडे, आणि पुढे नुसता समुद्र. १९४८ पर्यंत हा मुलूख जंजिऱ्याच्या नबाबाचा होता. मागच्या डोंगरातले फणसाडचे रान हे त्याचे शिकारीचे जंगल, तिथे आता अभयारण्य आहे. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने हा सारा किनारा झोडपून काढला. सुट्टीच्या दिवशी इथे शहाळी, भजी, चहा यांच्या टपऱ्यांपाशी मुंबई-पुण्याची अर्धी वस्ती लोटते. पाणी दिसायला निळे आणि साधे. पण ओढ फसवी आहे. खोल जाऊ नये असा इशारा देणारी पाटी लावलेली आहे, आणि ती वाचूनही खोल जाणारे आहेत.

भाऊ सुरूखाली उभा होता. केस थोडे पांढरे झाले होते. मला पाहून तो वाकला आणि त्याने नमस्कार केला. मला वाटले होते, तेही आता त्याने सोडले असेल.

“तुला नमस्कार कसा सोडीन, ताई? तू देव थोडीच आहेस,” तो म्हणाला, आणि सहा वर्षांत पहिल्यांदा आम्ही दोघे एकदम हसलो.

हे आणि मुलगी शहाळी प्यायला गेले. मुलगी अर्ध्या वाटेवरून परत आली. “मामा, तू इथेच बुडी मारलीस?”

“इथेच. पण मी नाही मारली. मला दुसऱ्यानं बुडवलं. ते स्वतःच्या हातानं करता येत नाही.”

मग त्याने सगळे सांगितले. माघाचे दिवस होते आणि पहाटेची ओहोटी. आम्ही चौघे जण होतो, तो म्हणाला. त्याची मंडळी लहानशी. मोठ्या माणसांनाच बाप्तिस्मा द्यावा आणि तो पूर्ण बुडवूनच द्यावा, असे मानणाऱ्यांपैकी ती. कॅथलिकांत आणि इतर पुष्कळ मिशनांत डोक्यावर पाणी घालतात. टिळकांच्या अमेरिकन मिशनातही बुडवण्याचा आग्रह नव्हता. इथे मात्र पाळक कमरेइतक्या पाण्यात उभे राहतात. एकेकाला पुढे बोलावतात. किनाऱ्यावरच्यांना ऐकू जाईल अशा आवाजात आपली साक्ष द्यायची, म्हणजे आपण इथवर कसे आलो ते सांगायचे. मग प्रश्न विचारतात, होकार घेतात, आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने पाठीवर आडवे करून पाण्याखाली नेतात आणि वर काढतात. जुने आयुष्य मेले, पुरले, आणि माणूस नवा उठला, असा त्याचा अर्थ.

“साक्षीत काय सांगितलंस?”

“पाठ करून गेलो होतो, पाणी एवढं गार की सगळं विसरलो. भिंतीची गोष्ट तेवढी सांगितली.”

ती भिंत मलाही ठाऊक होती. आमच्या गावच्या घराच्या परसात चुलतभावाने भिंत घातली आणि दीड हात जागा दाबली. वडील गेल्यावर तो दावा माझ्या भावाने चालवायला घेतला. नऊ वर्षे तो तारखांना जात होता. शत्रूवरही प्रेम करण्याविषयीचा डोंगरावरील प्रवचनाचा भाग त्याने वाचला तो एका तारखेहून परत येताना, एस.टी.त.

“आधी मला रागच आला,” तो म्हणाला. “सांगणाऱ्याला काय जातंय, असं वाटलं. तरी पुन्हा वाचलं. पुढच्या तारखेला समोर दादा उभा होता, आणि माझ्या लक्षात आलं की नऊ वर्षांत मी त्याचं वाईट चिंतल्याशिवाय एक रात्र झोपलेलो नाही. ताई, मला भिंत हवी नव्हती गं. मला तो हरायला हवा होता. हे ज्याला कळतं तो मला ओळखतो, असं वाटलं. माझ्यासारख्या माणसासाठी कुणी मरायला तयार झालं, हे मग खोटं मानता येईना.”

त्याने दाव्यातून आपले नाव काढून घेतले आणि दादाच्या घरी जाऊन क्षमा मागितली. आमच्या नातेवाइकांत बाप्तिस्म्यापेक्षा याचाच बभ्रा अधिक झाला. “धर्म गेला ते गेला, परसही घालवलं,” असे एक मामा म्हणाले. दुसऱ्याने विचारले, “किती पैसे मिळाले?” तिसऱ्याने निर्णय दिला, की आता त्याचा वडिलोपार्जित घरावर हक्कच उरला नाही. खरे पाहता, धर्म बदलला म्हणून वारसा बुडू नये असा कायदा १८५० सालीच झालेला आहे. १८६६ साली आणखी एक कायदा झाला, की धर्म बदलल्यामुळे जोडीदार नांदायला येत नसेल तर ख्रिस्ती झालेल्याला काडीमोड मागता यावा. टिळकांनी ती वाट धरली नाही. पत्नी स्वतः येईपर्यंत ते थांबले. कायदा घराचा वाटा देऊ शकतो. घरातली जागा देणे त्याच्या हातचे नाही.

आमच्या माणसांच्या मनातली अढी निव्वळ अडाणीपणाची होती असेही मी म्हणणार नाही. पोर्तुगीजांच्या अमलात गोव्यात १५६० साली धर्मन्यायालय बसले. पाडलेल्या देवळांच्या आणि सक्तीच्या आठवणी कोकणाने पिढ्यान्‌पिढ्या जपल्या आहेत. दुष्काळात अन्नाबरोबर धर्मही वाटला गेला, असा आक्षेप जुनाच आहे. म्हणून ‘पाणी घेतले’ म्हटले की आपण आधी आमिष शोधतो. पण माझ्या भावाला घोडा मिळाला नव्हता, पैसा मिळाला नव्हता; उलट दीड हात जागा, सहा दिवाळ्या आणि आई एवढे गेले होते. निकितिनने जो धर्म सोडला नाही तो आणि माझ्या भावाने जो धरला तो एकच. पण मला दोघांत साम्य दिसले ते दुसरेच. दोघांचीही मनधरणी करून किंवा धाक घालून उपयोग नव्हता.

“मग मला तेव्हा का बोलावलंस?” मी विचारले. “मी काही मानणारी नव्हे.”

“मानायला नव्हतं बोलावलं. बघायला बोलावलं होतं. पाण्यात उतरताना मी मागे वळून या सुरूंकडे पाहत होतो. वाटलं, येशील उशिरा का होईना.”

समुद्राचा एक गुण आहे. त्याच्याकडे पाहत राहिले तर बोलावे लागत नाही. पुष्कळ वेळाने मी त्याला त्या उत्तरपत्रिकांचे खरे सांगितले. तो म्हणाला, “मला ठाऊक होतं. तू कधी उशिरा तपासतेस?”

परतीच्या वाटेवर माझ्या मनात टिळकांचा एक वेगळाच प्रसंग घोळत होता. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते म्हणत. आणि आयुष्याच्या शेवटी, १९१७ साली, मिशनचा पगार सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ काढला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघेही यावेत असा त्यांचा मानस होता. त्यांच्या नगरच्या घरी बालकवी ठोमरे राहिले, जेवले, कविता करीत वाढले. ते ख्रिस्ती झाले नाहीत म्हणून लक्ष्मीबाईंची माया कमी झाली नाही. हे मी वीस वर्षे ‘वाङ्मयीन वातावरण’ या मथळ्याखाली शिकवीत आले होते. ते वातावरण म्हणजे मुळात एक वाढलेले ताट होते, हे मला काशीदहून येताना कळले. टिळकांनी काय मानले हे मी मानीत नाही, माझा भाऊ मानतो ते मला उद्याही पटेलसे वाटत नाही. पण पटणे आणि वाढणे ही दोन कामे आहेत, आणि सहा वर्षे मी एकासाठी दुसरे अडवून धरले होते.

निघताना मी त्याला भाऊबिजेचे विचारले. तो जरा थांबला. “ओवाळ ना. दिव्याचं मला काही नाही. देवाचं म्हणून जे करशील त्याला मी हात जोडणार नाही, एवढंच. आईला चालेल का, ते मात्र विचार.”

घरी आले. पिशवीतून गडू काढून ओट्यावर ठेवला. आईने तो उचलून हलवून पाहिला.

“रिकामाच आणलास?”

मी तिच्या कानाशी तोंड नेऊन मोठ्याने सांगितले, “काशी नव्हे आई, काशीद! अलिबागच्या पुढे आहे!”

आई बराच वेळ गडू पुसत राहिली. मग म्हणाली, “वाळलाय का गं तो फार?”

म्हणजे तिला पहिल्या दिवशीच बरोबर ऐकू आले होते की काय, हे मी अजून तिला विचारलेले नाही. तिने होकार दिलेला नाही आणि नकारही दिलेला नाही. देवघरासमोर पाट मांडायचा की बाहेरच्या खोलीत, कुंकू लावायचे की नाही, यातले काहीच ठरलेले नाही. पण परवा दिवाळीच्या फराळाची यादी करायला बसलो तेव्हा, रवा-मैद्याचे सांगून झाल्यावर, आईने चष्मा काढला आणि भिंतीकडे पाहत विचारले, “ओल्या नारळाच्या करंज्या अजून खातो का तो?”

मी यादीत दोन नारळ वाढवले आहेत.